चिठ्ठीवर ‘आयएफटी + अल्ट्रासाउंड, १० सिटिंग’: फिजिओथेरपीत पुरावा नेमका कुठे अडतो?

कृष्णाकाठची

इथे फिजिओ बरेच आहेत आणि फिजिओकडे जाणारे त्याहून जास्त, म्हणून धागा सगळ्यांना दिसेल अशा विभागातच काढते आहे.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी माझं क्लिनिक आहे. येणाऱ्या बऱ्याच जणांच्या हातात डॉक्टरांची चिठ्ठी असते. वर निदान, खाली उपचारही ठरवून दिलेला: आयएफटी, अल्ट्रासाउंड, ट्रॅक्शन, दहा सिटिंग. (फिजिओ नसलेल्यांसाठी: आयएफटी म्हणजे चार पॅड लावून मुंग्या आणणारं मशीन. अल्ट्रासाउंड म्हणजे जेल लावून दुखऱ्या जागी फिरवतात ते, सोनोग्राफी नव्हे. ट्रॅक्शन म्हणजे कंबर किंवा मान ताणून धरणं.)

आता याच उपचारांबद्दल अभ्यास काय सांगतात ते बघा. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१६ साली कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. अल्ट्रासाउंड देऊ नका, टेन्स (हेही पॅड लावून सौम्य करंट देणारं मशीन) देऊ नका, आयएफटी देऊ नका, ट्रॅक्शन देऊ नका, कमरेचा पट्टा देऊ नका, असं त्यात एकेकाचं नाव घेऊन लिहिलंय. २०२२ मध्ये त्यांनी सांध्यांच्या झिजेसाठी नव्या सूचना काढल्या. व्यायाम सगळ्यांना द्या, या मशीनांचा फायदा होतो असा पुरेसा पुरावा नाही म्हणून ती देऊ नका, हा त्यांचा सारांश. म्हणजे माझ्या टेबलावर येणारी चिठ्ठी आणि जगभरचा अभ्यास यांची तोंडं दोन दिशांना आहेत, आणि मध्ये मी उभी आहे.

हे आपल्याकडेच होतं असं नाही. वेगवेगळ्या देशांतल्या फिजिओंवर झालेल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१९ साली आला होता. प्रश्नावली भरून घेतलेल्या अभ्यासांत शिफारस असलेला उपचार निवडणारे साधारण ५४ टक्के निघाले आणि ‘करू नका’ म्हटलेला उपचार निवडणारे ४३ टक्के. अमेरिकेत २००३ साली फिजिओंना विचारलं होतं की अडचण काय येते, तेव्हा सर्वांत वर उत्तर आलं वेळ नाही. त्यानंतरच्या बहुतेक पाहण्यांतही तेच येतं. वेळ नाही, पेपर वाचायला मिळत नाहीत, आकडेवारी कळत नाही, वरिष्ठ ऐकत नाहीत.

ही सगळी कारणं खरी आहेत. पण इतकी वर्षं क्लिनिक चालवल्यावर मला ठामपणे वाटतं की आपल्याकडची मोठी अडचण वाचनाची नाही, हिशोबाची आहे. आपण पैसे घेतो ते सिटिंगचे. तपासणीचे नाही, सल्ल्याचे नाही, पेशंट सुधारल्याचेही नाही.

कसं ते सांगते. चार टेबलं आहेत असं धरा. तिघांना मशीन लावलं की मी चौथ्याकडे मोकळी. पंधरा मिनिटांनी पॅड काढायचे, पुढचे तिघे घ्यायचे. व्यायाम नीट करून घ्यायचा असेल तर एका माणसापाशी अर्धा-पाऊण तास उभं राहावं लागतं, आणि तो लवकर सुधारला तर दहाऐवजी चार सिटिंगमध्ये घरी जातो. गावात सिटिंगला दोनशे-अडीचशे रुपये मिळतात. जागेचं भाडं, मदतनीस बाईचा पगार आणि मशीनवर काढलेल्या कर्जाचा हप्ता त्यातूनच जायचा असतो. पुराव्याप्रमाणे वागणाऱ्या फिजिओला महिन्याच्या शेवटी तोटा होतो. इतकं उघड गणित असताना वर्कशॉपमध्ये ‘फिजिओंची मानसिकता बदलायला हवी’ असं कुणी म्हटलं की मला राग येतो.

आणि पेशंटसुद्धा मशीनच मोजतो. पासष्टीच्या एक आजी गुडघ्यासाठी यायच्या. खुर्चीतून हात न टेकता अर्ध्या मिनिटात किती वेळा उठता येतं ही साधी चाचणी आहे, त्यांना सहादाच जमलं. मग आम्ही खुर्चीवर घडी केलेली चादर ठेवून उंची वाढवली, तिथून उठणं सोपं केलं, आणि जमेल तशी एकेक घडी कमी करत गेलो. पायरीवर चढउतार, टाचा उचलणं, शेवटी हातात पाण्याची भरलेली बाटली घेऊन उठणं. महिन्याभराने त्याच चाचणीत अकरा वेळा. एसटीची पायरी चढताना आता कुणाचा हात लागत नाही म्हणाल्या. त्यांचा मुलगा बिल देताना म्हणाला, “मॅडम, मशीन काहीच नाही लावलं? हे तर घरीपण झालं असतं की.” बोलण्यात खोच नव्हती, त्याला मनापासून प्रश्न पडला होता. त्याच्या डोळ्यांसमोर काही ‘उपचार’ झालाच नव्हता.

तर फिजिओ मंडळी, तुमच्याकडे गाडं कुठे अडतं? आणि पेशंट म्हणून गेलेल्यांनीही लिहा, तुम्हाला काय अपेक्षित असतं.

दवबिंदू

ताई, मी आत्ता इंटर्नशिप करते आहे. अडचण आमच्यापासूनच सुरू होते. दुसऱ्या वर्षी इलेक्ट्रोथेरपीचा, म्हणजे या मशीनांच्या उपचारांचा, केवढा अभ्यास असतो! १ मेगाहर्ट्झ खोलवर जातं, ३ मेगाहर्ट्झ वरच्या थरात, डोस किती, वेळ किती, सगळं तोंडपाठ. तोंडी परीक्षेत ‘याचा उपयोग होतो का?’ हा प्रश्न मला कुणी विचारला नाही. रिसर्च मेथडॉलॉजी आहे अभ्यासक्रमात, पण ती मार्कांपुरती.

जर्नल क्लबही होतो. वर सेमिनार रूममध्ये पेपर वाचायचा आणि खाली ओपीडीत येऊन त्याच्या उलट करायचं. एकदा मी विचारलं की सर, आपण आत्ता जे वाचलं त्याप्रमाणे या पेशंटला अल्ट्रासाउंड नको ना. उत्तर आलं, “आधी पास हो.”

आणि पेपर मिळवायचा कसा? सरकारची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ २०२५ पासून सुरू झाली, हजारो जर्नल्स उघडली, पण ती सरकारी संस्थांना. आमचं कॉलेज खासगी आहे.

कृष्णाकाठची

दवबिंदू, तुझा प्रश्न बरोबर होता, तो विचारत राहा.

पेपर मिळण्याबद्दल: सिडनीहून चालणारा ‘पेड्रो’ नावाचा डेटाबेस १९९९ पासून फुकट आहे. फक्त फिजिओथेरपीच्या चाचण्या (म्हणजे पेशंटचे गट पाडून उपचार तपासणारे अभ्यास), आढावे आणि मार्गदर्शक सूचना, पन्नास हजारांच्या वर नोंदी. प्रत्येक चाचणीला दहापैकी गुण दिलेले असतात, त्यामुळे कुठला पेपर आधी वाचायचा ते कळतं. एक लक्षात ठेव, व्यायामाच्या चाचणीत पेशंटपासून किंवा थेरपिस्टपासून ‘काय चाललंय’ ते लपवता येत नाही, त्यामुळे तिथे आठ गुण म्हणजे जवळजवळ पैकीच्या पैकी. कोक्रेन ही उपचारांवरच्या अभ्यासांचे एकत्रित आढावे काढणारी आंतरराष्ट्रीय संस्था, तिच्या आढाव्यांचे साध्या भाषेतले सारांश सगळ्यांना खुले असतात, आणि पूर्ण आढावाही वर्षभराने खुला होतो. एक पेशंट, एक प्रश्न, एक आढावा, असं आठवड्यातून एकदा केलंस तरी इंटर्नशिप संपेपर्यंत हात बसेल.

रांगेतला_फिजिओ

सरकारी रुग्णालयात आहे, त्यामुळे सिटिंगच्या पैशाचा प्रश्न मला नाही. तरी मी पण मशीनच लावतो. का? सकाळी ओपीडी उघडते तेव्हा रांग दारापासून केसपेपरच्या खिडकीपर्यंत असते. माणशी सात-आठ मिनिटं मिळतात. त्यात तपासू काय, समजावू काय आणि व्यायाम करून घेऊ काय? शिवाय अर्धे लोक दिवसाची मजुरी बुडवून आलेले. त्यांना ‘घरी हे दहा वेळा करा’ म्हणून रिकाम्या हाताने पाठवलं तर ते पुन्हा येत नाहीत. काहीतरी लावलं की निदान आलो त्याचं सार्थक झालं असं त्यांना वाटतं.

गेल्या वर्षापासून एक केलं. गुडघ्याचे पेशंट एकाच दिवशी बोलवायचे आणि दहा-बारा जणांचा एकत्र व्यायाम घ्यायचा, कॉरिडॉरमध्ये. डेन्मार्कमध्ये २०१३ पासून ‘ग्लॅड’ नावाचा कार्यक्रम चालतो त्यावरून सुचलं. आधी माहितीची सत्रं, मग सहा आठवडे, आठवड्यातून दोनदा गटाने व्यायाम, असं त्यांचं स्वरूप आहे. आमच्याकडे दोनदा येणं लोकांना परवडत नाही, म्हणून एकदा इथे आणि बाकी घरी. बायका एकमेकींना ओळखायला लागल्या की आपोआप येतात. एकीचं बघून दुसरी करते. मला घसा कोरडा करावा लागत नाही.

अडचण एकच, कॉरिडॉर. लसीकरण असलं की जागा जाते.

मोहनराव_६२

मी पेशंटच्या बाजूने लिहितो. कंबरेला मशीन लावलं की मला बरं वाटतं, चार दिवस आराम पडतो. हे अभ्यास साहेबांच्या देशातले. माझं दुखणं मला ठाऊक. मला बरं वाटतं हा पुरावा नाही का? आणि व्यायामच करायचा असेल तर तुमच्याकडे यायचं कशाला, मोबाईलवर ढिगाने व्हिडिओ आहेत.

कृष्णाकाठची

मोहनराव, मनमोकळं लिहिलंत, बरं वाटलं. दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत.

तुम्हाला बरं वाटतं हे खरंच आहे, ते कुणी नाकारत नाही. प्रश्न असा की ते कशामुळे वाटतं. हे तपासायला अल्ट्रासाउंडच्या चाचण्यांत एका गटाला खरं मशीन लावतात आणि दुसऱ्याला तेच मशीन, तेच जेल, तसाच फिरणारा हात, फक्त आतून लहरी बंद. पेशंटला कळत नाही आपण कुठल्या गटात आहोत. बंद मशीनवाल्यांनाही बरं वाटतं! आणि कंबरदुखीच्या अशा चाचण्यांत दोन्ही गटांत रोजच्या जगण्यात जाणवेल असा फरक दिसत नाही. म्हणजे आराम मिळाला तो पंधरा मिनिटं शांत पडून राहण्याचा, कुणीतरी लक्ष दिल्याचा, आणि बहुतेक कंबरदुखी काही आठवड्यांत आपली आपण उतरते त्याचा. मग तेवढ्यासाठी तुम्ही दहा दिवस कामधंदा सोडून का यावं?

पुराव्यावर आधारित उपचार म्हणजे पेपर सांगेल ते पेशंटच्या गळ्यात मारणं असा समज आहे, तो चुकीचा. डेव्हिड सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली याची मांडणी केली तेव्हाच अभ्यासाबरोबर उपचार करणाऱ्याचा अनुभव आणि पेशंटची निवड, दोन्ही त्यात धरली होती. तुम्हाला शेक हवा असेल तर घरी गरम पाण्याची पिशवी घ्या, मी आडवी येणार नाही. फक्त शेक म्हणजेच उपचार असं सांगून मी तुमचे पैसे घेणार नाही.

व्हिडिओचं म्हणाल तर तो तुमच्याकडे बघत नाही. तुम्ही श्वास कधी रोखलात, वजन कुठल्या पायावर टाकलंत, कालच्यापेक्षा आज जड द्यायचं की हलकं, हे बघायला माणूस लागतो. फी त्या बघण्याची.

मोहनराव_६२

लहरी बंद ठेवतात हे माहीत नव्हतं. पुढच्या वेळी विचारतो आमच्या फिजिओंना.

अस्थिरंग

ऑर्थोपेडिक सर्जन आहे. चिठ्ठी लिहिणाऱ्यांपैकीच एक, म्हणून लिहितो.

‘आयएफटी, अल्ट्रासाउंड’ आम्ही लिहितो कारण रेसिडेन्सीत वरचे तसं लिहायचे आणि फिजिओथेरपीतलं आम्हाला तेवढंच शिकवलं जातं. त्यात तुमच्यावर अविश्वास नसतो. पण एक सांगा, मी पाठवलेल्या पेशंटबद्दल फिजिओकडून उलट दोन ओळी कधी येतात? क्वचित. पेशंट दहा दिवसांनी येऊन ‘मशीन लावलं’ एवढंच सांगतो. एक तरुण फिजिओ मला प्रत्येक पेशंटमागे छोटा कागद पाठवते: काय सापडलं, काय केलं, किती फरक पडला. दोन-तीन महिन्यांत मी तिच्या चिठ्ठीवर फक्त ‘तपासून योग्य ते करावे’ लिहायला लागलो.

सह्याद्री_वारा

डॉक्टरसाहेब, चांगलं लिहिलंत, पण मुळातलं सोडून दिलंत. कट! काही ठिकाणी सिटिंगमागे टक्का ठरलेला असतो. दहा सिटिंग लिहिली तर दहाचा टक्का. चार सिटिंगमध्ये पेशंट घरी पाठवणाऱ्या फिजिओकडे पुढचा पेशंट येत नाही. मी हे भोगलं आहे. कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा राज्यात २०१७ साली तयार झाला होता, माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या समितीने केला होता. त्याचा कायदा झालाच नाही.

अस्थिरंग

नाकारत नाही. सगळे तसे नाहीत, पण आहे हे खरं आहे, आणि त्याची लाज वाटते.

निशिगंधा_लीड्स

मी इंग्लंडमध्ये एनएचएसमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, काम करते, त्याआधी काही वर्षं पुण्यात होते. इथे पहिल्या भेटीला पाऊण तासापर्यंत वेळ मिळतो, खात्यात नियमित प्रशिक्षण होतं, नोंदणी टिकवायची तर स्वतःचं शिक्षण चालू असल्याचे पुरावे ठेवावे लागतात, आणि कुणाकुणाचे ते तपासतातही. इलेक्ट्रोथेरपी मी इथे जवळपास विसरले.

पण इथे सगळं छान आहे असं चित्र उभं करणार नाही. पेशंट आठवडेच्या आठवडे वाट बघतो, मग दोन-तीन भेटींत व्यायामाचा कागद देऊन मोकळं केलं जातं. सूचनांत ‘देखरेखीखाली व्यायाम’ असतो, प्रत्यक्षात देखरेख कापली जाते. पुरावा अर्धाच वापरला की असं होतं. तुमच्या आजींना जे मिळालं, घडी काढत काढत उंची कमी करणं, ते इथल्या कित्येकांना मिळत नाही.

ओसरीवरचा_मास्तर

फिजिओथेरपी कॉलेजात शिकवतो. धाग्याचा सूर मला मान्य आहे, तरी तरुणांसाठी काही गोष्टी जोडतो.

पहिली म्हणजे ‘मशीन वाईट, व्यायाम चांगला’ अशी नवी पोथी करू नका. गुडघ्याच्या झिजेत व्यायामाचा फायदा होतो असं कोक्रेनच्या २०१५ च्या आढाव्यात भक्कमपणे म्हटलं होतं. २०२४ मध्ये तोच आढावा शंभराहून जास्त चाचण्या घेऊन पुन्हा झाला, तेव्हा वेदना कमी होते हे कायम राहिलं, पण ती सुधारणा पेशंटला महत्त्वाची वाटेल एवढी मोठी आहे का, याबद्दल शंका घेतली गेली. म्हणून व्यायाम सोडायचा नाही. त्याचे बाकीचे फायदे आहेत आणि त्याहून बरं, सुरक्षित असं फारसं हाती नाही. पण पेशंटला सांगताना ‘व्यायामाने शंभर टक्के बरे व्हाल’ असं बोलू नये.

दुसरं म्हणजे आपल्या लोकांवरचा अभ्यास. हे मला फार जवळचं आहे. आपल्याकडच्या बाईला पाटावर बसून भाकरी थापायची असते, शेतात उकिडवं बसून खुरपायचं असतं, देवासमोर मांडी घालायची असते. गुडघ्याच्या बहुतेक परदेशी चाचण्या खुर्ची, जिना, चालणं एवढंच मोजतात. मग आपण ‘मांडी घालू नका, खाली बसू नका’ असं सरसकट सांगून मोकळे होतो, आणि त्या सल्ल्याला तरी कुठे भक्कम आधार आहे? आपल्या मातीत काम झालेलंच नाही असं नाही. डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पुढाकाराने पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये १९९६ साली घरोघर जाऊन सांधे-स्नायूंच्या दुखण्याची पाहणी झाली. कोण, कुठे, किती दुखतंय हे गावपातळीवर कळलं. त्याच्या पुढची पायरी, म्हणजे भुईवर बसून उठणाऱ्या गुडघ्याला कुठला व्यायाम द्यायचा, ती मात्र आपल्यालाच चढायची आहे. एम.पी.टी.एच.चे (फिजिओथेरपीतल्या पदव्युत्तर पदवीचे) प्रबंध दरवर्षी निघतात. चार कॉलेजांनी मिळून एकच प्रश्न घेतला आणि नमुना मोठा केला तर त्यातूनच हे उभं राहील. वीस-तीस पेशंटांचे सुटे प्रबंध कपाटात जातात.

आणि आपला अभ्यास झाला की तो आपल्याला सोयीचाच निघेल असंही नाही. पक्षाघातानंतर घरच्यांना शिकवून घरीच पुनर्वसन करता येईल का, यासाठी ‘अटेंड’ नावाची चाचणी भारतातल्याच १४ रुग्णालयांत झाली, १,२५० पेशंट. २०१७ मध्ये निकाल आला. सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबित्व यांत नेहमीच्या उपचारांपेक्षा फरक नाही. आपल्याकडे फिजिओ कमी, कुटुंब मोठं, म्हणून ही कल्पना सगळ्यांना पटलेली होती. तरीही तपासली, हे मला फार मोलाचं वाटतं. घरच्यांना शिकवणं यामुळे बंद करायचं नाही, पण तेवढ्याने फिजिओची जागा भरते असं म्हणून सरकारला पदं गोठवता येणार नाहीत.

दवबिंदू

सर, ‘अटेंड’बद्दल आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. आजच शोधते.

रांगेतला_फिजिओ

मास्तर, पाटावरून उठण्याचं मी लगेच घेतो. आमच्या गटात खुर्ची संपली की पुढे काय द्यायचं हा प्रश्न होताच. जमीन गाठायची तर मध्ये स्टूल, मग उशा, मग पाट.

@कृष्णाकाठची, मूळ प्रश्नाकडे येतो. हिशोबाचं तुम्ही काय केलंत? क्लिनिक चालू आहे म्हणजे काहीतरी जमवलं असणार.

कृष्णाकाठची

जमतंय, पूर्ण नाही. पहिली भेट पाऊण तासाची ठेवली आणि तिची फी वेगळी, सिटिंगच्या तिप्पट. त्यात तपासणी, समजावणं आणि पहिले व्यायाम. पुढच्या भेटी आठवड्याला एक किंवा दोन, रोज नाही. एकूण खर्च पेशंटला दहा सिटिंगपेक्षा कमी पडतो, हे पहिल्याच दिवशी कागदावर मांडून दाखवते. काही जण पहिल्या फीचा आकडा ऐकून उठून जातात. जे थांबतात ते दुसऱ्यांना पाठवतात. संध्याकाळी गुडघ्याचा आणि कंबरेचा एकेक गट सुरू केला, त्यावर भाडं निघतं. मशीन एकच ठेवलं, बाकीची विकली, त्यामुळे हप्ता गेला. पहिलं वर्ष फार ओढाताणीचं गेलं, घरात दुसरा पगार होता म्हणून निभावलं. ज्याच्याकडे तो नाही त्याला मी ‘उद्यापासून असं कर’ म्हणणार नाही.

डॉक्टरांना पाठवायच्या कागदाचा नमुना खाली देते. अस्थिरंग सरांनी म्हटलंय तसं याचा उपयोग होतो. पाच ओळींच्या वर जाऊ देऊ नका, कुणी वाचत नाही.

‘आपण पाठवलेल्या पेशंटची तपासणी केली. खुर्चीतून उठण्याची चाचणी: ३० सेकंदांत ६. वेदना: दहापैकी ७. मांडीच्या स्नायूंची ताकद कमी, सूज नाही. ताकदीचे व्यायाम आणि चालण्याचं वेळापत्रक दिलं आहे. इलेक्ट्रोथेरपी दिलेली नाही, सध्याच्या मार्गदर्शक सूचनांत तिची शिफारस नाही. सहा आठवड्यांनी पुन्हा मोजून कळवते.’

‘दिलेली नाही’ हे वाक्य लिहिताना सुरुवातीला मलाही धाकधूक वाटायची. दोन डॉक्टरांनी पेशंट पाठवणं थांबवलं. एकाने फोन करून सूचना मागवून घेतल्या आणि वाचल्या.

सह्याद्री_वारा

नमुना उतरवून घेतला. यातल्या यात इथल्याच फिजिओंनी महिन्याला एक विषय घेऊन आढावा वाचायचा का? मराठीत लिहायचं, म्हणजे मोहनरावांसारख्यांनाही प्रश्न विचारता येतील.

मोहनराव_६२

माझा पहिला नंबर लावा. खांदा पण धरलाय आता.

कृष्णाकाठची

मग फ्रोझन शोल्डरनेच सुरुवात करू. रांगेतला_फिजिओ, तुमच्याकडे मधुमेहाचे पेशंट जास्त आणि हा खांदा त्यांच्यात जास्त दिसतो, तेव्हा पहिला भाग तुम्ही लिहा. दवबिंदू पेड्रोवरून आढावे शोधून देईल, मास्तर त्यातले आकडे समजावून सांगतील. वेगळा धागा काढते.

मोहनराव, तोवर साखर तपासून घ्या आणि आकडा त्या धाग्यावर न लिहिता तुमच्या फिजिओंना सांगा.